पंगतीतील पान



मागील वर्षी हंगामाच्या उपकारस्तुतीच्या दिवशी नागपूरजवळील एका खेड्यातील मंडळीत उपासनेनंतर प्रीतिभोजन होते. प्लास्टिकच्या व थर्मोकोलच्या ताटल्या ह्या खेपेस आणावयाच्या नाहीत असे मंडळीच्या तरुणांनी ठरविले होते, व त्यांनी पळसाच्या पत्रावळी मांडल्या. भात वाढला जात असता एक वृद्ध बंधू पंगतीतून उठले व म्हणाले, "पास्तरसाहेब, माझ्या बापाला मालगुजाराच्या वाड्यामागे पानावरच वाढीत असत, कारण त्यांचे पितळेचे ताट आमच्या हाताने विटाळत असे. ख्रिस्ताकडे येऊनही आम्ही पानावरच जेवावयाचे काय?"

पंगत स्तब्ध झाली. मला उत्तर सुचले नाही. त्या प्रश्नाचा विचार मी त्या दिवसापासून करीत आहे.

तरुणांचे म्हणणे चुकीचे नव्हते. ज्यापासून बाजारातील पिशवी होते ते पॉलिथीन १९३३ साली इंग्लंडातील एका रसायनशाळेत हाती लागले. म्हणजे आपल्या आजोबांच्या बालपणी ते कोणाच्या घरी नव्हते. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकच्या पिशव्या व ताटल्या बंद करण्याची अधिसूचना काढली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून टाकावयाच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले व चमचे सर्व देशात बंद झाले. तरी आठवडी बाजारात पिशवी मिळतेच. आणि आपल्या मंदिरामागे काय होते ते सर्वांस ठाऊक आहे. खरकट्यासह टाकलेली पिशवी शेजाऱ्याची गाय गिळते. ती तिच्या पोटात पचत नाही, साठत जाते, व पुढे गरिबाचे दुभते जनावर मरते. उरलेला ढीग आपण पेटवितो, त्याचा धूर कोणाच्या लेकरांच्या छातीत जातो हे पाहावयास आपण थांबत नाही. पळसाचे पान मात्र गाईने खाल्ले तरी चालते, व उकिरड्यात पडले तर त्याचे खत होते.

परंतु त्या वृद्ध बंधूंचा प्रश्न गाईविषयी नव्हता, भांड्याविषयी होता. आपल्या देशात भांडे हे केवळ भांडे कधीच नव्हते. चहाच्या दुकानात आपल्या वाडवडिलांची कपबशी निराळी, बाहेरच्या वळचणीला ठेवलेली असे, व ती त्यांनीच धुवावयाची असे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा गाईगुरांस मोकळे असलेले ते तळे सनातन्यांनी पुन्हा शुद्ध करून घेतले. आणि आपल्या प्रभूनेच शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागितले, तेव्हा त्याच्याजवळ पोहरा नव्हता (योहान ४). प्यावयाचे तर तिच्याच घागरीतून प्यावयाचे होते. त्या बाईला जे आश्चर्य वाटले ते आपल्या लोकांस कोणी समजावून सांगावे लागत नाही.

पुढे प्लास्टिकचा पेला आला. सर्वांचाच पेला फेकावयाचा, तेव्हा निराळी कपबशी ठेवण्याचे कारण उरले नाही. पुष्कळांस ही समता वाटली. मला वाटते, त्याने भांडण मिटविले, मन पालटविले नाही. दुसऱ्याचे उष्टे भांडे धुण्याचा प्रसंगच टाळला, इतकेच.

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या दिवशी सर्वांसमोर पान होते, पण माझ्यासमोर व दोघा वडिलांसमोर स्टीलचे ताट ठेवले होते. ते प्रेमाने ठेवलेले होते, व मी नेहमीच्या सवयीने त्यावर बसलो. वृद्ध बंधू उठले ते पानामुळे नव्हे, त्या ताटामुळे, हे मला घरी आल्यावर समजले. करिंथ येथील मंडळीत काही जण पोटभर जेवत व काही उपाशी राहत, म्हणून पौलाने त्यांस किती कठोर शब्द लिहिले (१ करिंथ ११)! पान विटाळलेले नाही. दोन पंगती विटाळलेल्या आहेत.

म्हणून उपदेशक बंधूंस माझी विनंती अशी की, पान तर सर्वांस पान, ताट तर सर्वांस ताट. पातळ वरण पळसाच्या पानातून वाट काढते, ही तक्रार खरी आहे. त्यास द्रोण घ्यावा. वनालगतच्या गावांतील बाया पाने तोडून, काड्यांनी टाचून पत्रावळी करितात. त्यांच्याशी घासाघीस करू नये. कागदी पेल्याला मात्र निर्दोष समजू नये, कारण त्याच्या आत प्लास्टिकचाच पातळ थर असतो. खरगपूर येथील आय.आय.टी.च्या संशोधकांनी २०२० साली दाखविले की, अशा पेल्यात ऊन पेय पंधरा मिनिटे राहिले तर प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण त्यात उतरतात. शेतावर शिदोरी नेण्यास फडके व स्टीलचा डबा, दह्यास मडके, बाजारास बुरडाची टोपली किंवा कापडी पिशवी, ही आपल्या घरचीच साधने आहेत. पितळेचे भांडे असल्यास कल्हई पाहावी. कल्हई गेलेल्या पितळेत ताक किंवा चिंचेचे सार ठेवू नये. पाच हजारांच्या जेवणानंतर शिष्यांनी उरलेले तुकडे टोपल्यांत गोळा केले (योहान ६), त्या टोपल्याही दुसऱ्या दिवशी फेकून दिल्या असतील असे मला वाटत नाही.

ताटे घेतली तर ती घासणार कोण, हा प्रश्न राहतो. दोनशे ताटांचा ढीग विहिरीजवळ बायांनी घासावा, आणि आपण पुरुषांनी निंबाखाली बसून सृष्टीच्या रक्षणाविषयी बोलावे, हे मला पटत नाही. ज्या रात्री प्रभूने कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्या रात्री तोही जेवणावरूनच उठला होता.

यंदाच्या सणासाठी त्या मंडळीची सभा मागील रविवारी भरली. वृद्ध बंधूही आले होते. पत्रावळी कोणी आणावयाच्या ते ठरले. पाणी पिण्याचे पेले स्टीलचे ठेवावयाचे, हेही ठरले. ते घासण्याकरिता पहिले नाव मी माझे दिले आहे. दुसरे नाव अद्याप आलेले नाही.