घडीची सावली

म्हसवडहून पिलीवकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जिथे माणदेशाचे उघडे माळ दोन्ही अंगांनी क्षितिजापर्यंत पसरत जातात आणि बाभळीखेरीज दुसऱ्या झाडाला उभे राहण्याचा धीर होत नाही, अशा एका फाट्यावर काही वर्षांपूर्वी चैत्र सरता सरता मला एस.टी.ची वाट पाहत दोन-अडीच तास काढावे लागले. फाट्यावर वस्ती नव्हती. होती ती एक पाणपोई. वाळूच्या ओट्यात बुडाशी रोवलेले तीन रांजण, त्यांच्या पोटाभोवती गुंडाळलेले ओले तरट, तोंडावर लाकडी झाकणे, एका झाकणावर लांब दांड्याचे ओगराळे, आणि या सर्वांवर एक छत. मांडव म्हणावा इतके ते मोठे नव्हते. कळकाच्या कामट्या कातरीच्या पात्यांसारख्या एकमेकींवर आडव्या बांधून केलेल्या दोन चौकटी, त्यांवर ताणलेले दुहेरी गोणपाट आणि चार कोपऱ्यांना चार काठ्या. ओढले की उघडावे, दाबले की मिटावे आणि मिटले की एका माणसाने खांद्यावर टाकून न्यावे, एवढाच त्याचा सरंजाम.

पाणपोईवर सत्तरीच्या आसपासचे एक म्हातारबुवा होते. सूर्य जसजसा सरकत होता तसतसे ते मधूनमधून उठत, एका काठीची सुतळी सोडत, काठी वीतभर सरकवत, छताची एक बाजू खाली घेत आणि पुन्हा जागेवर येऊन बसत. ती जागा मात्र उन्हात होती. न राहवून मी म्हणालो, "बाबा, तुम्ही उन्हात का बसलात? आत सरका की जरा." ते हसले आणि म्हणाले, "सावली माझ्यापायी न्हाई, पावनं. पान्यापायी हाय. म्या तापलो तर तापलो. पानी तापलं तर कोन पिईल?"

हे उत्तर त्यांनी सहज दिले. परंतु ज्या प्रश्नाची घडी मी मनात वर्षानुवर्षे न उलगडता ठेवली होती तो त्याने उलगडून पुढे टाकला. पाणी देणारा पाणी देतो, अन्न देणारा अन्न देतो. सावली देणारा काय देतो? सावलीला वजन नाही, ती मोजून घालता येत नाही, देणाऱ्याच्या पदरातून उणी होत नाही आणि घेणाऱ्याच्या पदरात साठत नाही. जी वस्तूच नाही, तिचे दान कसे संभवते?

हा प्रश्न केवळ शब्दच्छलाचा नाही, याची साक्ष आपल्या दर्शनकारांनीच देऊन ठेवली आहे. कणादाच्या वैशेषिक मतानुसार अंधार हा प्रकाशाचा अभाव होय, त्याला स्वतंत्र पदार्थाचा मान नाही. कुमारिलभट्टाच्या अनुयायी मीमांसकांना हे मान्य झाले नाही. अंधाराला काळसर रूप आहे, सावली चालताना दिसते, आणि ज्याला रूप व गती आहे ते द्रव्यच असले पाहिजे, असा त्यांचा पक्ष. यावर वैशेषिकांचे समाधान असे की, चालतो तो प्रकाश अडविणारा पदार्थ. त्याची गती आपण भ्रमाने सावलीवर लादतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात जैन दर्शनाने अंधार आणि छाया या दोहोंना पुद्गलाच्या, म्हणजे जडद्रव्याच्या, अवस्थांमध्ये गणले आहे. फाट्यावरच्या त्या म्हाताऱ्याला या वादाची वार्ताही नसावी. पण सावली आपण होऊन चालत नाही, तिच्यामागे काठी सरकविणारा कोणीतरी असतो, एवढी गोष्ट तो दर अर्ध्या तासाने उठून सिद्ध करीत होता.

अभावाची बाजू समजून घ्यायची तर रांजणाच्या पोटात काय घडते ते पाहिले पाहिजे. भाजलेल्या मातीचा रांजण पाझरतो. पाझरलेले पाणी तरटात येते आणि कोरड्या वाऱ्याने त्याची वाफ होते. वाफ होताना एक ग्रॅम पाणी सुमारे ५८० कॅलरी उष्णता आपल्या सोबत्यांकडून घेऊन जाते, म्हणजे एका ग्रॅमच्या जाण्याने मागे राहिलेले ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनी निवू शकते. कोकणात दमट हवेमुळे हा व्यवहार मंदावतो, म्हणून तिकडच्या माठाला माणदेशातल्या किंवा विदर्भातल्या माठाची सर येत नाही. परंतु हवा कितीही कोरडी असली तरी रांजण भर उन्हात ठेवला तर हा सारा जमाखर्च उलटतो. निरभ्र दुपारी ऊन एका चौरस मीटरवर सुमारे हजार वॉट ओतत असते. ते सर्वच्या सर्व शोषले गेले तर त्याची भरपाई करण्यासाठी तासाला जवळजवळ दीड लिटर पाणी वाफ होऊन जावे लागेल. तेव्हा रांजणाच्या त्यागाने जो थंडावा मिळतो तो उन्हाच्या वसुलीतच खर्ची पडतो. छत थंडावा देत नाही; ते केवळ ही वसुली थोपविते. आणि थोपवितानाही त्याला एक मर्यादा पाळावी लागते: चारी बाजूंनी गोणपाट लावून रांजण झाकून टाकला तर ऊन अडेल, पण वाराही अडेल, आणि वारा अडला की वाफ थांबेल. उत्तम सावली ती, जी वरून येणारा दाह अडविते आणि बाजूने येणाऱ्या वाऱ्याला वाट मोकळी ठेवते. मुलांना जपणारे आईबाप आणि शिष्यांना सांभाळणारे गुरू यांची चूक बहुधा इथेच होते. त्यांना छत व्हायचे असते आणि ते पेटी होऊन बसतात.

मग अडलेले ऊन जाते कुठे? मी उठून गोणपाटाला वरून हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. रांजणाच्या बाजूने पाहिले तर सावली हा उन्हाचा अभाव होता. गोणपाटाच्या बाजूने पाहिले तर तिथे अभाव कशाचाच नव्हता, सगळे ऊन तिथे हजर होते. वैशेषिकांचे म्हणणे खरे धरूनही असे म्हणता येईल की, प्रत्येक अभावाच्या पाठीमागे कोणाचा तरी भाव उभा असतो: एकाच्या वाट्याला जे दुःख आले नाही ते दुसऱ्या कोणीतरी आपल्या अंगावर घेतलेले असते. सावलीचे दान म्हणजे वस्तूचे दान नव्हे हे खरे. ते सोसण्याचे दान आहे. आणि हे सोसणे घेणाऱ्याला दिसत नाही, कारण सावलीत उभा असलेला माणूस छताची खालची बाजू पाहतो, वरची नव्हे.

दुसरा प्रश्न स्वामित्वाचा. शास्त्रकारांनी दानाची जी व्याख्या केली आहे तिच्यात दोन अंगे आवश्यक मानली आहेत: दात्याने वस्तूवरील आपली मालकी सोडणे आणि त्याच वस्तूवर दुसऱ्याची मालकी उत्पन्न करणे. या कसोटीला पाणपोई उतरत नाही. वाटसरू ओंजळभर पाण्याचा धनी होतो, परंतु रांजणाचा किंवा सावलीचा धनी होत नाही. म्हणून विहिरी, तळी, उपवने आणि प्रपा, म्हणजे पाणपोया, यांच्यासाठी धर्मशास्त्राने 'उत्सर्ग' हा निराळा शब्द योजला. धर्मशास्त्राच्या आपल्या बृहद् इतिहासाच्या १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या खंडात पांडुरंग वामन काणे यांनी हा भेद विस्ताराने मांडला आहे: उत्सर्गात दाता मालकी सोडतो, पण ती कोणा एकाच्या नावे लावून देत नाही; सर्व भूतांसाठी ती मोकळी करतो, आणि त्या सर्वांमध्ये तो स्वतःही येत असल्यामुळे आपल्याच विहिरीचे पाणी प्यायला त्याला प्रत्यवाय नसतो. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने आपल्या चतुर्वर्गचिंतामणीच्या दानखंडात प्रपादानाचा विधी संग्रहित केला आहे. त्यात दाट सावलीचा मंडप घालण्यास सांगून ही प्रपा सर्वसामान्य आहे असा संकल्प करविला आहे. ज्याला एवढे सामर्थ्य नाही त्याने रोज कापडाने तोंड बांधलेला धर्मघट द्यावा, अशी सोयही तिथेच आहे. फक्त तो घट ब्राह्मणाच्या घरी पोचवायचा आहे. 'सर्वसामान्य' या शब्दाला पहिली चीर पडलेली दिसते ती याच ठिकाणी.

पुढे ती चीर रुंदावत गेली. गावोगावच्या पाणपोयांवर काही लोकांना ओगराळ्याने आणि काही लोकांना लांब नळीतून पाणी ओतण्याची वहिवाट पडली, आणि पुण्य जोडणाऱ्यांना त्या नळीच्या लांबीत काही विसंगती दिसली नाही. संकल्पात सर्व भूते होती. रांजणाजवळ मात्र त्यांची प्रतवारी झाली. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा त्यांनी नवे दान केले असे म्हणण्यापेक्षा जुन्या संकल्पाचा शब्द पाळला असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव दफ्तरी नोंदविला, आणि तरीही ते पाणी ओठांना लागण्यासाठी २० मार्च १९२७ ही तारीख उजाडावी लागली, त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागे हजारो माणसे चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरली. त्या तळ्यावरून पुढे सुमारे दहा वर्षे फिर्याद चालली. अस्पृश्यांना वर्ज्य करणारी वहिवाट अनादि काळापासूनची आहे हे सिद्ध झाले नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. या प्रकरणात मला धर्मजिज्ञासेचा जो गाभा दिसतो तो हा की, उत्सर्ग पूर्ण झाला असेल तर पाणी पिणारा काही घेत नसतो. जे त्याचेच आहे त्याचा तो उपयोग करीत असतो. ज्याला प्रत्येक ओंजळीमागे आपले औदार्य आठवते त्याने मालकी अद्याप सोडलेलीच नाही. त्याने फक्त ती उन्हात वाळत घातली आहे.

मालकी खरोखर सुटावी म्हणून काय करावे, याचे उत्तर देण्याचा आव मी आणणार नाही; परंतु त्या छताची रचना त्या दिशेने काही सुचविते असे मला वाटते. ते घडीचे होते. आपल्या भाषेत 'घडी' हा शब्द दोन कामे करतो: कापड दुमडले की त्याची घडी होते, आणि अहोरात्राचे साठ भाग केले की त्यातल्या एका भागाचीही घडीच होते. जे मिटवून ठेवता येते ते थोड्या वेळापुरतेच असते, हे जणू शब्दानेच कबूल करून टाकले आहे. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा जो कोरीव लेख आहे, त्यात दमणगंगेपासून तापीपर्यंतच्या नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्याची आणि दोन्ही तीरांवर सभा व प्रपा उभारल्याची नोंद आहे. सुमारे १९०० वर्षे झाली. लेख राहिला, प्रपांपैकी एकही राहिली नाही. अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात वाटेवर लावलेले वड, आमराया, विहिरी आणि पाणपोया यांची नोंद केली, पण लगेच असेही सांगितले की अशी सुखे पूर्वीच्या राजांनीही दिली होती. आपण हे केले ते लोकांनी धम्माप्रमाणे वागावे म्हणून. झाडे वठतात, विहिरी बुजतात, हे त्या राजाने मनात धरले होते की काय न कळे. पण सावली हे साध्य नव्हे, सावली करण्याची सवय एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणे हे साध्य, हा अर्थ त्या लेखातून काढला तर तो ओढूनताणून काढला असे होणार नाही.

आक्षेप येईल तो असा की, झाड लावणे हे छत सरकविण्यापेक्षा श्रेष्ठ नव्हे काय? निःसंशय श्रेष्ठ आहे, आणि त्या फाट्यावर वडाची दोन झाडे असती तर मीच प्रथम त्यांच्याखाली बसलो असतो. परंतु झाडाची सावली सूर्याच्या तालावर फिरते, रांजणाच्या गरजेवर नाही. दुपार कलली की ती रांजणाला उन्हात टाकून निघून जाते. घडीची सावली लहान, फाटकी आणि चार महिन्यांची असली तरी ती ज्याच्यासाठी आहे त्याच्यामागे जाते, कारण तिला कोणीतरी उठून नेतो. झाडाने एकदा दिले; त्या म्हाताऱ्याला दर अर्ध्या तासाने नव्याने द्यावे लागत होते, आणि दर वेळी न देण्याची मुभाही त्याला होती.

अडीचच्या सुमारास एका काठीचा सुतळीचा फास तुटला. म्हातारबुवांनी मला हाक मारली, "पावनं, जरा धरा हे," आणि मी काठी धरून उभा राहिलो. फास नव्याने बांधायला दोन-तीन मिनिटे लागली असतील. तेवढ्यात मानेवर ऊन कसे उतरते आणि कळक किती तापलेला असतो, हे मला ग्रंथांवाचून कळले. पलीकडून एस.टी.चा धुरळा उठला तेव्हा त्यांनी ओगराळे भरून माझ्या ओंजळीत धरले. पाणी गार होते. यंदा हे कधीपर्यंत ठेवणार, असे मी विचारले. "मिरगापतुर," ते म्हणाले, "पाऊस लागला की मिटून देवळाच्या आढ्याला टाकायचं." बोलताना त्यांचे लक्ष माझ्याकडे नव्हते. गाडीत बसल्यावर मी खिडकीतून मागे पाहिले. सावलीची कड तिसऱ्या रांजणावरून वीतभर सरकली होती, आणि म्हातारबुवा गुडघ्यावर हात टेकून उठत होते.