पाठांतर : स्मृती आणि उत्तरदायित्व

लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावणारी इंद्रायणी मावळातून वाहत देहूला पोचते. तुकारामांच्या वह्या या नदीत बुडाल्या आणि तेरा दिवसांनी वर आल्या, अशी आख्यायिका आहे. वह्या तरल्या त्या लोकांच्या कंठांत, असा तिचा आधुनिक अन्वयार्थ लावला जातो. परंतु कंठात तरणे म्हणजे काय, आणि त्यामुळे स्मरणकर्त्यावर कोणती जबाबदारी येते, हा प्रश्न त्यात अस्पर्शित राहतो.

तरण्याची यंत्रणा मज्जाविज्ञान सांगते. मज्जापेशींच्या अनेक जोडण्यांत एन.एम.डी.ए. ग्राहक ही वाहिनी असते. तिचे मुख मॅग्नेशियमने अडलेले असते. पहिल्या पेशीकडून ग्लुटामेट येणे आणि त्याच वेळी दुसरी पेशी उत्तेजित असणे, हे दोन्ही जुळले तरच मुख मोकळे होऊन कॅल्शियम आत शिरते. ते वेगाने व पुष्कळ शिरले तर जोडणी दृढ होते. थोडे आणि दीर्घकाळ शिरत राहिले तर क्षीण होते. ब्लिस आणि लोमो यांनी या दृढीकरणाचा सविस्तर वृत्तांत १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे जे दृढ करते तेच क्षीणही करते. विसरणे ही निव्वळ झीज नव्हे. तीही एक क्रिया असू शकते.

मात्र कॅल्शियमला अभंग आणि शिवी सारखेच. काय घोकले जावे आणि कोणाच्या मुखाने, हे वाहिनी ठरवीत नाही, समाज ठरवतो. वह्या बुडवायला लावणाऱ्यांचा आक्षेप उच्चाराच्या अधिकारावर होता, असे परंपरा सांगते. त्यांना स्मृतीचे सामर्थ्य पुरते कळले होते.

मराठीत ‘पाठांतर’ या शब्दाला दोन अर्थ आहेत : मुखोद्गत करणे आणि पाठभेद. शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या गाथेच्या आवृत्तीला (१८६९-७३) देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर येथील हस्तलिखितांचा आधार होता, आणि ती हस्तलिखिते सर्वत्र एकसारखी नव्हती. जपणूक आणि बदल एकाच कृतीत घडतात, हे भाषेने आधीच ओळखले होते. मेंदूतील जोडणीही जपते ती स्वतः बदलूनच.

तेव्हा स्मरणाची निष्ठा अपरिवर्तनीयतेत शोधणे व्यर्थ होय. बदल अटळ आहे, म्हणून तो निर्दोष ठरत नाही. आपल्या मुखातून ओळ कशी बदलली आणि कोणती ओळ आपण पुढे नेलीच नाही, याचे उत्तर पेशीकडे मागता येत नाही. ते म्हणणाऱ्यालाच द्यावे लागते.