अंगुलिमाल आणि वस्तीतला पोरगा



वर्षावासात आपल्या विहारांतून बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. आमच्या मेहकर तालुक्यातल्या विहारात परवा अंगुलिमालाचा प्रसंग आला. वाचन आटोपल्यावर एक माउली मला बाजूला घेऊन म्हणाली, "गुरुजी, इतके खून करणाऱ्याला भगवंतांनी जवळ केलं. माझ्या पोराने मोटारपंपाची केबल चोरली, तर वस्तीत त्याला कुणी दारात उभं करत नाही." पोरगा सोळा वर्षांचा. पोलिसांनी नेलेला. वयाच्या पुराव्यासाठी तिला शाळेचा दाखला हवा होता.

त्या दाखल्याचे मोल ध्यानात घ्या. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. तेथे एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक बसतात. त्यांत एक तरी स्त्री असते. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, फुकट वकील मिळतो. तो तुमचा हक्क आहे, कुणाचे उपकार नव्हेत.

वय ठरवताना आधी शाळेतली जन्मतारीख पाहतात. ती तारीख कशी पडते? नाव घालायला आलेल्या आजोबांना आठवत नाही, आणि आम्ही मास्तर लोक १ जून टाकून मोकळे होतो! सतराचा पोरगा कागदावर एकोणीसचा झाला, की गेला मोठ्यांच्या तुरुंगात. हा दोष माझ्या पेशाचा आहे. तुम्ही जन्माची नोंद ग्रामपंचायतीत वेळेवर करा.

१९ मे २०२४ रोजी पुण्यात सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला, अट काय, तर तीनशे शब्दांचा निबंध! लोक खवळले, लोकक्षोभानंतर त्याला निरीक्षणगृहात पाठवले आणि जूनमध्ये उच्च न्यायालयाने सोडले. तेव्हा आपल्यातलेही काही म्हणाले, असला कायदा हवाच कशाला? बाबांनो, कायदा गेला तर श्रीमंताचा वकील दुसरी वाट शोधील. आपल्या पोराला दुसरी वाट नाही.

पण चोरी ती चोरीच. अदिन्नादानाचे शील मोडले आहे. ज्या शेतकऱ्याची केबल गेली त्याचे पाणी अडले, पीक वाळले. त्याच्यापुढे पोराने उभे राहिले पाहिजे, आणि बरोबर आपण.

आता कथेकडे पुन्हा पाहा. राजा प्रसेनजित सैन्य घेऊन अंगुलिमालाला धरायला निघाला होता. भिक्षू झालेला पाहून त्याने नमस्कार केला. मात्र तोच भिक्षू भिक्षेला गावात गेला तेव्हा दगड आले, डोके फुटले. राजाने सोडले, गावाने सोडले नाही.

तो पोरगा जामिनावर घरी आला आहे. पौर्णिमेच्या वंदनेला माउली त्याला घेऊन येणार आहे. सतरंजीवर तो माझ्या शेजारी बसेल. त्याच्या दुसऱ्या बाजूची जागा अजून रिकामी आहे.