स्वस्त हायड्रोजनला पाणी कुणाचं?

जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. खर्च 19,744 कोटी रुपये, लक्ष्य 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन. या लक्ष्याला माझा विरोध नाही. आपले खतकारखाने आणि तेलशुद्धीकरण प्रकल्प आज नैसर्गिक वायूपासून काढलेला हायड्रोजन वापरतात, आणि तसा एक किलो हायड्रोजन बनवताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ते थांबलंच पाहिजे. पण दर खाली आणायच्या शर्यतीत कुठला खर्च कुणाच्या माथी बसणार, हे आत्ताच विचारायला हवं.

आधी पाणी. हरित हायड्रोजन सौर-पवन विजेने पाण्याचं विघटन करून काढतात. रसायनशास्त्राच्या हिशेबाने किलोभर हायड्रोजनला नऊ लिटर पुरतात. प्रत्यक्षात विद्युत विघटनाच्या यंत्राला विहिरीचं किंवा कालव्याचं पाणी चालत नाही. त्यातले क्षार जवळपास शून्यावर आणावे लागतात, यंत्र थंड ठेवायलाही पाणी लागतं. सगळं धरून वीस-तीस लिटर. म्हणजे 50 लाख टनांना साधारण चार-पाच टीएमसी. एकट्या उजनी धरणाची साठवणक्षमता 117 टीएमसी आहे. उसाला आपण याच्या कितीतरी पट पाणी पाजतो. देशाच्या बेरजेत हा आकडा किरकोळच. पण तहान देशाच्या बेरजेत लागत नाही, ती तालुक्यात लागते. ऊन कडक आणि जमीन स्वस्त तिथे प्रकल्प परवडतो, आणि पश्चिम राजस्थान, कच्छ, मराठवाडा, सोलापूर इथे नेमकी पाण्याचीच बोंब. मराठवाड्यातल्या एखाद्या गावात पाच रुपयांत जार भरून देणाऱ्या शुद्ध पाण्याच्या यंत्रामागे जाऊन पाहा. बोअरमधून उपसलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा, क्षार घेऊन, पाइपातून थेट गटारात पडत असतो. तेच काम कारखान्याच्या मापात होईल तेव्हा ते गटार कुणाच्या शिवारात उतरणार?

समुद्राचं पाणी वापरा, हे उत्तर पटण्यासारखं आहे. एक हजार लिटर पाणी गोडं करायला तीन-चार युनिट वीज लागते, तर एक किलो हायड्रोजनला पन्नासच्या वर. म्हणजे हा खर्च किमतीत जाणवणारही नाही, तेव्हा किनाऱ्यावरच्या प्रकल्पाने नदी-बोअरला हात लावायला सबब उरत नाही. मात्र जगभराची सरासरी पाहिली तर लिटरभर गोड्या पाण्यामागे दीड लिटर खारवट पाणी मागे उरतं. ते कच्छच्या आखातासारख्या उथळ जागी, प्रवाळ आणि तिवरांच्या शेजारी सोडायचं, की खोल समुद्रात लांबवर नेऊन, यावर तिथल्या मासेमारीचं भवितव्य अवलंबून आहे.

जमिनीचंही तसंच. मिशनसाठी सुमारे 1,25,000 मेगावॅट नवी वीज धरली आहे, आणि सौर प्रकल्पाला मेगावॅटमागे चार-पाच एकर लागतात. एवढी जमीन शोधताना नजर माळरानावर जाते, कारण कागदोपत्री ते पडीक असतं. तिथे धनगरांची मेंढरं चरतात. कच्छ-जैसलमेरच्या माळावर उरलेसुरले माळढोक पक्षी उच्चदाबाच्या तारांना धडकून मरतात, म्हणून 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मध्ये पडावं लागलं.

आणि स्वस्ताई मागणी वाढवते. कोळशाची इंजिनं काटकसरी झाली तसा कोळशाचा एकूण खप वाढला, हे विल्यम जेव्हन्सने 1865 मध्ये दाखवलं होतं. खत आणि पोलाद यांना हायड्रोजन हवाच. पण तो स्वस्त झाला म्हणून थेट विजेवर चालू शकणाऱ्या गाड्या आणि चुली त्याच्यावर चालवल्या, तर त्याच कामाला दुप्पट-तिप्पट वीज जाईल.

सगळ्यात कमी चर्चा गळतीची होते. हायड्रोजनचा रेणू सर्वांत लहान. सांधे, झडपा, नळ्या यांतून तो निसटतो. तो स्वतः उष्णता अडवत नाही, पण मिथेनचं विघटन करणारे हवेतले हायड्रॉक्सिल रेणू खाऊन टाकतो, त्यामुळे मिथेन जास्त काळ टिकतो. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या अकरा-बारा पट धरला जातो. बरेचसे गळतीशोधक बनवले आहेत ते स्फोट टाळण्यासाठी. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की तो पेटू शकतो, त्याच्या बऱ्याच आधी ते इशारा देतात. पण अब्जात काही भाग एवढी बारीक गळती त्यांना कळत नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये सरकारने हरित हायड्रोजनची व्याख्या ठरवली, ती एका किलोमागे दोन किलो कार्बन डायऑक्साइडच्या मर्यादेवर. पाणी कुठून आणलं याची अट तिच्यात नाही. अनुदान देताना प्रत्येक प्रकल्पाकडून पाण्याचा स्रोत, खारं पाणी सोडायची जागा आणि मोजलेली गळती, तिन्ही लिहून घ्यावं आणि दरवर्षी गावाच्या ग्रामसभेत वाचून दाखवावं. पहिले मोठे कारखाने उभे राहत असतानाच हे करणं सोपं आहे.