हरलेला डाव, योग्य निर्णय

ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात बेरीज २१ च्या पुढे गेली की खेळाडू हरतो. समजा, तुमची बेरीज १६ आहे आणि जुगारघराच्या डीलरचा उघडा पत्ता १० चा आहे. आणखी एक पत्ता घ्यावा की थांबावे? अमेरिकी सैन्यातील चौघांनी साध्या गणनयंत्रांवर हिशेब करून १९५६ मध्ये उत्तर प्रसिद्ध केले : घ्यावा. १३ पैकी ८ प्रकारचे पत्ते तुम्हाला हरवतील. तरीही थांबण्यात तोटा किंचित अधिकच आहे.

पत्ता घेऊन हरलो की आपण लगेच म्हणतो, ‘निर्णय चुकला.’ खरोखरच चुकला का? त्या क्षणी जे जाणता येत होते, त्यानुसार तो योग्यच होता. केवळ फळावरून कर्माची परीक्षा केली, तर जिंकलेल्या चुकीला आपण शहाणपण समजू लागतो.

मात्र आणखी एक हिशेब आहे. सर्व नियम तंतोतंत पाळले, तरी लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी सुमारे अर्धा रुपया जुगारघराकडेच जातो. हे तंत्र हरणे लांबवते, टाळत नाही. डावातील प्रत्येक निर्णय योग्य असूनही डावाला बसण्याचा निर्णय चुकीचा असू शकतो. म्हणून पुढचा पत्ता मागण्यापूर्वी स्वतःला विचारूया : मी येथे बसलोच का आहे?