अंगठ्यापूर्वीचा प्रश्न

बेथेस्दा तळ्याकाठी ३८ वर्षे आजारी असलेल्या मनुष्यास बरे करण्यापूर्वी प्रभूने त्याची इच्छा विचारली. ज्याच्या हाती सामर्थ्य, त्यानेच आधी विचारावे, हा धडा आम्ही विसरू नये.

मुंबईत प्लेगाची साथ चालू असता डॉक्टर हाफकिन यांनी आपली लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगातील राजी झालेल्या कैद्यांस टोचली. पहिली गोष्ट थोर खरी; परंतु बंदिवानाचा होकार कितपत मोकळा असणार? दारिद्र्य, कर्ज व भीड हेही तुरुंगच होत.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संशोधकाने हेतू व धोका समजावून संमती घ्यावी. संमती दिलेल्यास केव्हाही माघार घेता यावी. निरक्षराची संमती निःपक्षपाती साक्षीदारासमक्ष घ्यावी. अलिबाग, रेवदंडा, मुरूड येथील बंधूंनो, असा साक्षीदार म्हणून उद्या उपदेशकासही बोलावणे येईल. त्याने साहेबाच्या भिडेने कोणाचा अंगठा उमटवू नये. कोळी बंधूस वा कातकरी भगिनीस सर्व समजले काय, नाही म्हणण्याची मोकळीक आहे काय, हे आधी विचारावे. विद्या मनुष्याच्या हितासाठी वाढावी. परंतु देवाच्या प्रतिरूपाचा मनुष्य तिचे केवळ साधन होऊ नये.