रात्री पाडलेली वेदी

आजचं वाचन शास्ते, अध्याय 6, वचनं 11 ते 32. आधी पवित्र शास्त्र उघडून वाचा, मग पुढे या.

गिदोन म्हटलं की आपल्याला 300 माणसं, शिंगं आणि मडक्यांतल्या मशाली आठवतात. संडे स्कूलमध्ये तेवढंच शिकलो. मी मात्र दरवेळी द्राक्षकुंडापाशीच अडकतो. गहू झोडायला उघडं खळं लागतं, उफणायला वारा लागतो. गिदोन तर खडकात खोदलेल्या कुंडात लपून गहू झोडतोय, कारण मिद्यान्यांनी बघितलं तर पीक गेलंच. तिथे वारा कुठून येणार? भीतीपायी साधं कामसुद्धा दुप्पट कष्टाचं होतं. आणि अशा लपलेल्या माणसाला परमेश्वराचा दूत वीर म्हणून हाक मारतो! त्याला ती थट्टाच वाटली असेल.

हे कुंड माझ्या ओळखीचं आहे. मागच्या महिन्यात ऑफिसात मला एका टेस्ट रिपोर्टवर सही करायला सांगितलं. टेस्ट झालीच नव्हती. "फॉर्मॅलिटी आहे रे." मी हो म्हटलं नाही, नाहीसुद्धा म्हटलं नाही. तीन दिवस लीडची नजर चुकवत, जेवायला उशिरा जात काढले. घरभाडं, ईएमआय, अप्रेजल, सगळं डोळ्यांपुढे. आणि त्याच आठवड्यात सेल ग्रुपमध्ये भीती या विषयावर मीच बोललो होतो!

त्या दिवसांत 27वं वचन नव्याने दिसलं. देवाने गिदोनाला पहिलं काम दिलं ते मिद्यान्यांशी लढायचं नव्हे. आधी घरातली वेदी, म्हणजे त्याच्या स्वतःच्या बापाने बाळगलेली बालाची वेदी पाडायची. त्याने पाडली, पण रात्री. घरच्यांची आणि गावकऱ्यांची भीती वाटत होती म्हणून. शास्त्र हे लपवत नाही. आणि देव त्याला रागावतही नाही, दिवसाउजेडी का नाही गेलास असं विचारत नाही. शिवाय सोबत दहा गडी होते, तेही बघा. एकट्यानेच जायची सक्ती नव्हती.

निकदेमसुद्धा येशूकडे रात्रीच आला (योहान 3). सकाळी ये, असं प्रभू म्हणाला नाही. पुढे वधस्तंभानंतर, बहुतेक शिष्य पांगलेले असताना, हाच माणूस गंधरस आणि अगरू घेऊन आला (योहान 19).

मीही मेल लिहिला तो रात्री साडेअकराला. आधी सेल ग्रुपमधल्या दोघांना फोन करून प्रार्थना करायला सांगितलं. मग चार ओळी: टेस्ट झालेली नाही, त्यामुळे सही करू शकत नाही, दोन दिवस मिळाले तर टेस्ट करून देतो. सेंड दाबताना हात थरथरत होता. भीती निघून गेली असं सांगितलं तर ती खोटी साक्ष होईल.

गिदोनाला मारायला सकाळी गाव जमलं, तेव्हा त्याचा बाप योवाशच त्याच्या बाजूने उभा राहिला. ज्याची वेदी, तोच! माझ्याकडे तसं काही घडलं नाही. टेस्ट झाली, रिपोर्ट दोन दिवस उशिरा गेला, लीड अजून तुटक बोलतात. अप्रेजल पुढच्या महिन्यात आहे.

तुमच्यापैकी कोणी आज असाच एखादा ड्राफ्ट उघडून बसलं असेल, तर माझ्यासोबत एवढंच म्हणा: प्रभू येशू, मला भीती वाटते, आणि तुला ते ठाऊक आहे. आज रात्री माझ्याबरोबर राहा. आमेन.